३/८ मोठा की ०.४? जवळचा आकडा शोधायची उद्यमनगरी पद्धत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी पहिल्यांदा कामाला लागलो तेव्हा दहावी नुकती झालेली, गणितात काठावर पास, आणि तिसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी सात कास्टिंग पुढ्यात ठेवून सांगितलं की ह्यात ०.४ इंचाचं भोक पाहिजे, आधीच्या पाळीतल्या पोरानं ३/८ चा ड्रिल मारून ठेवलाय, तू बघ आणि पुढचं कर. मी मोबाईलवर ३ भागिले ८ केलं, आलं ०.३७५. आता ३७५ कुठं आणि ४ कुठं! मला वाटलं भोक आधीच मोठं होऊन बसलंय, जॉब गेला, म्हणून मोठ्या शहाणपणानं सातही कास्टिंग उचलली आणि भंगाराच्या ढिगावर नेऊन टाकली. मिस्त्री जेवून आले, त्यांनी ढीग बघितला, मग माझ्याकडं बघितलं, पुढचं काय इथं लिहीत नाही. सगळी कास्टिंग मलाच शोधून आणायला लावली आणि एकच वाक्य बोलले, "लहान भोक मोठं करता येतंय रे, मोठं भोक लहान करून दाखव मला."

ते वाक्य पुढं परत येणार आहे, डोक्यात ठेव. बाकी हे सगळं लिहितोय ते नवीन पोरापोरींसाठी, म्हणजे आयटीआय करून अप्रेंटिस लागलेले, भरतीचा अभ्यास करणारे, नाहीतर घरी पोराचा अभ्यास घेताना "ह्यातली सगळ्यात जवळची संख्या कोणती" असा प्रश्न आला की मोबाईल शोधायला उठणारे आईबाप. गणित सातवीच्या पुढचं नाही, फक्त घोळ कुठं होतो ते माहीत पाहिजे.

आधी जवळचं म्हणजे काय ते ठरव

बिंदू चौकात तू उभा आहेस, एक दोस्त तुझ्या पुढं वीस पावलांवर आणि दुसरा मागं पंधरा पावलांवर. जवळ कोण? मागचा. पुढं आहे का मागं आहे ह्याचा जवळ असण्याशी काही संबंध नाही, पावलं मोजायची बस. आकड्यांचं पण तसंच, मोठ्यातनं लहान वजा करायचं, जे उरलं ते अंतर, आणि ज्याचं अंतर सगळ्यात कमी तो सगळ्यात जवळचा. वजाबाकी उलटी केली आणि उणे चिन्ह आलं तर ते सोडून द्यायचं, उणे पावलं कोण चालत नाही.

अडचण एवढीच की एक आकडा अपूर्णांकात असतोय, दुसरा दशांशात, तिसरा मिस्त्री सुतात सांगतात. म्हणून,

पहिली पायरी: सगळ्यांना एकच कपडे घाल

अपूर्णांकाचा दशांश करायचा म्हणजे वरचा भागिले खालचा, अंश भागिले छेद. ५/८ म्हणजे ५ ÷ ८ = ०.६२५. मोबाईलवर उलटं दाबू नको, ८ ÷ ५ केलंस तर १.६ येईल आणि तिथंच कळलं पाहिजे की काहीतरी चुकलंय, कारण वरचा आकडा खालच्यापेक्षा लहान असला तर उत्तर एकापेक्षा कमीच येणार.

वर्कशॉपमध्ये राहायचं असेल तर सूत पाठ पाहिजे. एका इंचाचे आठ सूत. एक सूत ०.१२५, दोन सूत ०.२५, तीन सूत ०.३७५, चार सूत ०.५, पाच ०.६२५, सहा ०.७५, सात ०.८७५. अर्धा सूत म्हणजे १/१६, ०.०६२५. त्याचा अर्धा १/३२ म्हणजे ०.०३१२५ आणि त्याचा पण अर्धा १/६४ म्हणजे ०.०१५६२५. शेवटचे दोन पाठ नाही झाले तरी चालतंय, ड्रिलच्या डब्यावर छापलेलं असतंय. आणि इंचाचे मिलीमीटर करायचे तर गुणिले २५.४, मिलीमीटरचे इंच करायचे तर भागिले २५.४. हे २५.४ बरोब्बर आहे, अंदाजे नाही, १९५९ पासून इंचाची व्याख्याच तशी केलेली आहे.

आपल्या आज्यापणज्याला हे सगळं तोंडपाठ होतं बरं का. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचेच पाढे म्हणायचे लोक, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन शक्तिपीठांतलं अख्खं पीठ आपल्या गावात आणि आपल्याला साडेतीनचा पाढा येईना, असो.

दुसरी पायरी: पॉइंटनंतरची घरं सारखी कर

मी जिथं आपटलो ती जागा ही. ०.४ आणि ०.३७५ ह्यात ०.४ मोठा, कारण ०.४ म्हणजे ०.४००. मागं शून्य जोडून दोन्हीकडं घरं सारखी केली की ४०० आणि ३७५, आता पहिलीतलं पोर पण सांगेल. पॉइंटच्या उजवीकडं आकडे जास्त आहेत म्हणजे संख्या मोठी असं काही नसतंय, पहिलं घर दहाव्या भागाचं, दुसरं शंभराव्या, तिसरं हजाराव्या, जितकं उजवीकडं जाशील तितका चुरा.

कॅल्क्युलेटर ०.४०० चं नुसतं ०.४ दाखवतो, मागची शून्यं खातो, त्याच्यावर विसंबू नको. सरळ वहीत एकाखाली एक लिही, पॉइंटखाली पॉइंट.

तिसरी पायरी: वजाबाकी, आणि घाई नको

आता भरतीच्या पेपरात येईल तसला प्रश्न घेऊ. ०.६ च्या सगळ्यात जवळची संख्या कोणती: ४/७, ५/८, ७/१२ की ०.५८?

बरीच पोरं काय करतात, दोन घरं काढतात आणि थांबतात. ४/७ म्हणजे ०.५७, ५/८ म्हणजे ०.६३, ७/१२ म्हणजे ०.५८, आणि शेवटचा तर ०.५८ आहेच. मग दोन उत्तरं सारखीच आली की काय म्हणून डोकं खाजवत बसतात, आणि सर्रास ०.५८ ला टिक मारतात कारण तो दिसायला सोपा. आता चार घरं काढ:

४/७ = ०.५७१४, अंतर ०.०२८६
५/८ = ०.६२५०, अंतर ०.०२५०
७/१२ = ०.५८३३, अंतर ०.०१६७
०.५८ = ०.५८००, अंतर ०.०२००

७/१२ जिंकला. फरक तिसऱ्या घरात होता आणि आपण दुसऱ्याच घरात दार लावून घेतलं होतं. म्हणून राउंडिंग करायचंच असेल तर एकदम शेवटी, उत्तर सांगताना. मधे केलंस तर चूक पुढं सरकत जाती. किती घरं काढायची ह्याला माझा हिशोब असा की दोन अंतरं एकमेकांना चिकटायला लागली की अजून एक घर काढायचं, स्पष्ट वेगळी दिसली की थांबायचं.

कॅल्क्युलेटर नसेल तर

परीक्षेत नसतोच. तेव्हा उलटं करायचं, दशांशाचाच अपूर्णांक. ०.६ म्हणजे ६/१०, म्हणजे ३/५. आता ५/८ वजा ३/५ करायला तिरकस गुणाकार: ५ × ५ = २५, ३ × ८ = २४, फरक १, आणि खाली छेदांचा गुणाकार ४०. अंतर १/४०. तसंच ३/५ आणि ४/७: ३ × ७ = २१, ४ × ५ = २०, फरक १, खाली ३५, अंतर १/३५. ७/१२ चं बघ: ३ × १२ = ३६, ७ × ५ = ३५, परत फरक १, खाली ६०, अंतर १/६०. वर तिन्हीकडं १ आहे, मग ज्याचा छेद मोठा तो तुकडा लहान. भाकरीचे ६० तुकडे केले तर ३५ तुकड्यांपेक्षा प्रत्येक तुकडा बारीक येणार की. आणि ०.५८ चं अंतर ०.०२ म्हणजे १/५०. झालं, ७/१२. भागाकार एक पण केला नाही, आणि घरं किती काढायची ही कटकट पण नाही कारण हे अंतर अचूक आहे.

अजून एक, अर्ध्याचा आणि एकाचा आधार घ्यायला शिक. ७/१५ दिसला की १५ चा अर्धा साडेसात, म्हणजे हा अर्ध्याला अर्धा पंधरावा भाग कमी, १/३० नं. ११/१२ आणि १३/१४ मध्ये एकाच्या जवळ कोण? पहिल्याला भरायला १/१२ कमी, दुसऱ्याला १/१४ कमी, म्हणून १३/१४. असल्या प्रश्नात पेन पण उचलायला लागत नाही.

उलटा प्रश्न: दशांश दिलाय, जवळचा सूत सांग

वर्कशॉपमध्ये खरं तर हाच प्रश्न रोज येतो. दशांशाला छेदानं गुणायचं, जवळचा पूर्ण आकडा घ्यायचा, तो वर आणि छेद खाली. ०.७ इंच जवळच्या सुतात किती? ०.७ × ८ = ५.६, जवळचा पूर्ण आकडा ६, म्हणजे सहा सूत, ३/४. अर्ध्या सुतात: ०.७ × १६ = ११.२, म्हणजे ११/१६. बत्तिसाव्यात: २२.४, म्हणजे २२/३२, हा परत ११/१६ च निघाला, काही सुधारलं नाही. चौसष्टाव्यात: ४४.८, म्हणजे ४५/६४, हा ०.७०३, मस्त जवळ. दर वेळी छेद दुप्पट केला म्हणजे दर वेळी जास्तच जवळ जाशील असं नाही, पण लांब मात्र कधी जाणार नाहीस कारण आधीच्या सगळ्या खुणा पट्टीवर आहेतच. हे फक्त पटीतल्या छेदाला लागू, ८ वरनं १० वर उडी मारलीस तर हे चालत नाही.

चौसष्टाव्याच्या सेटमध्ये दोन ड्रिलमधलं अंतर ०.४ मिलीला किंचित कमी, म्हणून कुठलाही आकडा घे, जवळचा ड्रिल जास्तीत जास्त ०.२ मिली लांब असणार. पुढं हे कामाला येईल.

बांधकामवाल्यांचं तर सगळं ह्याच्यावरच चालतंय. गवंडी सळई सुतात मागतो, दुकानात बिल मिलीत होतं. तीन सूत म्हणजे ९.५२५ मिली, मिळते १० ची. चार सूत १२.७, मिळते १२ ची. पाच सूत १५.८७५, मिळते १६ ची. सहा सूत १९.०५, मिळते २० ची, आठ सूत २५.४, मिळते २५ ची. अडीच सूत ७.९३७५ ला ८ ची. सगळीकडं सगळ्यात जवळचाच आकडा आहे, करून बघ. पण चार सुताला आणि आठ सुताला तुला कमी जाडीची मिळते आणि बाकीच्यांना जास्त, हे लक्षात ठेव, इंजिनिअरनं ड्रॉइंगवर मिली लिहिलेत तर मिलीच बोल, सुतात भाषांतर करत बसू नको.

आता मिस्त्रींचं वाक्य

पेपरात सगळ्यात जवळचा आकडा सापडला की मार्क मिळाले, संपलं. कामावर संपत नाही. तिथं अजून दोन प्रश्न विचारायचे: कुठल्या बाजूनं जवळ? आणि एवढं जवळ पुरतंय का?

माझ्या त्या ०.४ च्या भोकाचंच घे. ०.४ × ६४ = २५.६, म्हणजे जवळचा २६/६४, १३/३२, ०.४०६२५, अंतर ०.००६२५. खालच्या बाजूला २५/६४, ०.३९०६२५, अंतर ०.००९३७५. जवळचा १३/३२, पण तो ०.४ च्या वर जातो. ड्रॉइंगवर वर जायला परवानगी नसेल तर लांबचा २५/६४ मारायचा आणि उरलेलं रीमरनं (भोक जरासं वाढवून साफ करायचं हत्यार), नाहीतर बोअरिंगला घ्यायचं, कारण लहान भोक मोठं करता येतं.

आट्यांचं उदाहरण अजून चांगलं आहे. एम ८ चे, म्हणजे ८ मिली जाडीच्या बोल्टचे, आटे पाडायला टॅपच्या आधी ६.८ मिलीचा ड्रिल लागतो. तो नाही, इंची सेट आहे. ६.८ ÷ २५.४ = ०.२६७७, गुणिले ६४ = १७.१३, म्हणजे १७/६४, म्हणजे ६.७४७ मिली. नेहमीच्या ६एच टॉलरन्सला (माप किती कमीजास्त चालतं त्याची मर्यादा) एम ८ चं आतलं माप ६.६४७ ते ६.९१२ मध्ये पाहिजे, बसतंय आरामात, मार भोक.

एम १० ला ८.५ चा ड्रिल. ८.५ ÷ २५.४ = ०.३३४६, गुणिले ६४ = २१.४२, म्हणजे २१/६४, ८.३३४ मिली, अंतर ०.१६६. त्याच्या वरचा ११/३२, ८.७३१ मिली, अंतर ०.२३१. जवळचा २१/६४ की हो. पण एम १० चं आतलं माप पाहिजे ८.३७६ ते ८.६७६. म्हणजे जवळचा आहे तो खालनं बाहेर आणि लांबचा आहे तो वरनं बाहेर! दोन्ही नापास. २१/६४ नं भोक मारून टॅप घातलास तर टॅप जड जाणार, बिडाच्या जॉबमध्ये अडकून मोडला की तो काढायला अर्धा दिवस, आणि ११/३२ नं मारलंस तर आटे उथळ, बोल्टची पकड कमी. अशा वेळी गपगुमान दुकानात जाऊन ८.५ चा ड्रिल आणायचा. आहे त्यातलं जवळचं घेणं ही आपल्या लोकांची सवय, मी पण त्यातलाच, पण टॅप मोडल्यावर ड्रिलची किंमत लई स्वस्त वाटती.

बाजू बघायचं अजून एक ठिकाण गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांतले २२ भाग सोनं, २२ ÷ २४ = ०.९१६६६... हजारात जवळचा आकडा खरं तर ९१७, पण हॉलमार्कवर ९१६ आहे. १४ कॅरेट म्हणजे ०.५८३३, जवळचा आकडा ५८३, पण शिक्का ५८५ चा. १८ कॅरेटला मात्र ०.७५ बरोब्बर बसतंय, ७५०. तेव्हा कॅरेट विचारून घरी भागाकार करण्यापेक्षा दागिन्यावरचा आकडा वाच, तोच खरा.

पॉइंट दिसतो पण दशांश नसतो

हे नवीन माणसाला कोण सांगत नाही. उंची ५ फूट ६ इंच असली की लोक ५.६ लिहितात. पण फुटाचे बारा इंच, ६ इंच म्हणजे अर्धा फूट, खरा दशांश ५.५. आणि ५ फूट १० इंचवाला ५.१० लिहितो, ५ फूट ९ इंचवाला ५.९, आता ह्यात मोठं कोण ते कॅल्क्युलेटरला विचारलंस तर बुटक्याला उंच ठरवेल. पोलीस भरतीला मुलांची उंची १६५ सेंटीमीटर लागते, ५ फूट ५ इंच म्हणजे ६५ इंच, गुणिले २.५४ = १६५.१, काठावर पास. ५.५ फूट असा दशांश धरलास तर १६७.६ येईल आणि उगाच निवांत बसशील.

क्रिकेटमध्ये ६.३ ओव्हर म्हणजे सहा ओव्हर तीन बॉल, म्हणजे साडेसहा, रनरेट काढताना ६.५ नं भागायचं. घड्याळात साडेसहा म्हणजे ६.३०, तिथं साठाचा हिशोब. ओव्हरटाइमचे तास लिहिताना ही चूक मी स्वतःच्या अंगावर करून घेतलीय, अडीच तासाचे २.३० लिहिले आणि पगार २.३ तासांचा आला, प्रत्येक वेळी बारा मिनिटं फुकट. म्हणून आकडा हातात आला की आधी विचार, पॉइंटच्या पुढं दहाचे भाग आहेत का बाराचे, सहाचे, साठाचे.

पाय (π) कुठला घ्यायचा

पुलीचा घेर काढताना कायम भांडण, एकजण म्हणतो २२/७ जुनाट, ३.१४ धर, ते अचूक. खरा पाय ३.१४१५९. ३.१४ चं अंतर ०.००१५९, २२/७ म्हणजे ३.१४२८५, अंतर ०.००१२६. जुनाट म्हणवला तोच जवळ आहे. ७०० मिलीच्या पुलीला २२/७ नं २२०० येतात, ३.१४ नं २१९८, खरा घेर २१९९.१. पण बाजू बघ, एक वरनं आहे, एक खालनं. पट्टा कापायचा असेल तर २२/७ जास्तीचा कापतो, जास्तीचं कापून टाकता येतं. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये ६२८३२ भागिले २०००० दिलं होतं, म्हणजे ३.१४१६, त्याच्या पुढं आपली दोन्ही पार्टी गार.

घरी करून बघ

एक, ०.४५ च्या जवळ कोण, ४/९ की ५/११? दोन, १९ मिलीचा पाना लागणाऱ्या बोल्टला ३/४ चा पाना चालेल का? तीन, १३ मिलीचा पाना लागणाऱ्या बोल्टला इंची पान्यातला कुठला?

पहिल्याचं: ४/९ = ०.४४४४, अंतर ०.००५६, आणि ५/११ = ०.४५४५, अंतर ०.००४५, म्हणून ५/११, दोन घरांवर थांबलास तर ०.४४ आणि ०.४५ दिसतील आणि ५/११ बरोब्बर ०.४५ आहे असं वाटून बसशील. दुसऱ्याचं: ३/४ म्हणजे १९.०५, पाना बोल्टच्या डोक्यापेक्षा जरासा मोठा, झकास बसतो. तिसऱ्याचं: १३ ÷ २५.४ = ०.५११८, गुणिले ३२ = १६.३८, जवळचा १६/३२ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिली. तो बोल्टवर चढणारच नाही, ०.३ मिली कमी आहे. त्याच्या वरचा १७/३२ म्हणजे १३.४९, तो चढेल, फिरेल आणि बोल्टचे कोपरे गोल करून ठेवेल. १३ चा पाना शेजाऱ्याकडनं मागून आण, आणि काम झाल्यावर परत दे.